एवढंच हुतं व्हय?

शाळेच्या मागच्या नळकोंडाळ्यावर मी सुरी धुवायला गेले होते. दुपारचे अडीच वाजले असतील. आत हॉलमध्ये पुढच्या सत्राची जमवाजमव चालली होती, माइकमधून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ करत होतं. इकडे मोठाल्या पातेल्यांच्या बुडाला चिकटलेलं पिठलं चौघी जणी खरवडत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठून माझ्याजवळ आली. पन्नाशी ओलांडलेली, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत राखेनं भरलेले. “ताई, ती सुरी बघू जरा,” म्हणाली. मी दिली. तिनं ती उलटसुलट केली, पात्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेली. “वास न्हाई ह्याला.” “नाही, नसतो वास,” मी म्हटलं. मग सुरी तळहातावर आडवी धरून तिनं जरा वेळ नुसतं बघितलं आणि विचारलं, “एवढंच हुतं व्हय?” मला नव्हे बहुधा. सुरीलाच.

मी हसले. ते हसू अजून आठवतं, कारण ते चुकीच्या जागी पडलं होतं.

त्याच्या तासाभर आधी मी आयुष्यातला पहिला चमत्कार करून दाखवला होता. शिबिराचा दुसरा दिवस. नवशिक्यांनी जे शिकलं ते खऱ्या प्रेक्षकांसमोर करून दाखवायचं होतं, पण रविवारी शाळेत खरे प्रेक्षक आणायचे कुठून? म्हणून जेवणाचं काम घेतलेल्या बचत गटाच्या बायका, शाळेचे शिपाई, त्यांची दोन मुलं आणि मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं अशी वीस-पंचवीस माणसं गोळा करून सतरंजीवर बसवली होती. माझ्या वाट्याला लिंबू आलं. कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून मी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले (तेराचा पाढा म्हणत होते), शिपायांच्या धाकट्यावरून लिंबू सात वेळा उतरवलं आणि कापलं. लालभडक रस मनगटापर्यंत ओघळला. पोरं ओरडली. बायकांनी तोंडाला पदर लावला. मग मी सुरी वर धरून सांगितलं की पात्याला आधीच मिथिल ऑरेंज लावून वाळवलं होतं, लिंबाचं आम्ल लागलं की ते लाल होतं, रक्तबिक्त काही नाही. हॉल हसला, टाळ्या पडल्या, मी मान लववली. मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई हसली नाही, हे मला दिसलं होतं. पण टाळ्या वाजत असताना न हसणाऱ्यांचा हिशेब कोण ठेवतो?

मी या शिबिराला का गेले, हे मलाही नीट सांगता येणार नाही. चळवळीतली मी नाही. बँकेत नोकरी, वीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहते. म्हणजे संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. एका सहकारी मैत्रिणीनं आग्रह केला, दोन दिवसांची जोडून सुट्टी होती, आणि सांगली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावात मी लहानपणी एकदा लग्नाला गेले होते एवढीच ओळख. विज्ञान, विवेक, अंधश्रद्धा निर्मूलन असे तिन्ही शब्द असलेला कापडी फलक शाळेच्या फाटकावर वाऱ्यानं फडफडत होता आणि त्याचं एक टोक सुटलेलं असल्यामुळे ‘निर्मूलन’ सारखं दुमडून जात होतं. आत तशाच सतरंज्या, तसेच खडखडणारे पंखे, भिंतीवर सावित्रीबाई आणि त्यांच्या शेजारी दाभोलकरांचा फोटो. हार नव्हता. फोटोला हार घालायचा नाही, दीपप्रज्वलन करायचं नाही, रोपट्याला पाणी घालून उद्‌घाटन. रोपटं कुंडीतलं होतं, आणि दोन दिवसांत प्रत्येक पाहुण्याच्या हातून पाणी पिऊन पिऊन बिचारं रविवारपर्यंत पिवळं पडलं.

वक्ते नाना परीचे. एकांनी पाऊण तासात ‘छद्मविज्ञान’ हा शब्द एकतीस वेळा उच्चारला. मी वहीत रेघा मारत होते. त्यांच्याबद्दल एवढंच. पण शनिवारी दुपारी निवृत्त विज्ञान शिक्षक असलेले सर आले आणि हॉलमधली पेंग उडाली. त्यांच्याकडे जुनी पत्र्याची पेटी होती, एसटीच्या टपावरून आपटत आल्यासारखी पोचे पडलेली. ती उघडली की कापूर, उदबत्ती आणि शाळेच्या प्रयोगशाळेचा उग्र वास असं मिश्रण नाकात शिरायचं. सरांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कायमची केशरी झालेली. त्या पेटीतून काय निघालं नाही? तोंडाशी निमुळत्या तांब्यात दाबून दाबून तांदूळ भरायचे, त्यात सुरी खुपसत राहायचं, आणि एका क्षणी सुरी उचलली की तांब्याही उचलला जातो, निव्वळ घर्षणानं. राखेत तांदळाची पेज कालवून वळलेल्या बारीक गोळ्या अंगठा आणि बोट यांच्या बेचक्यात धरायच्या, रिकामा तळवा सगळ्यांना दाखवायचा, मग चुरगाळायच्या. झाली विभूती. पोटॅशियम परमँगनेटवर ‘तूप’ सोडलं की मंत्राशिवाय होम पेटतो, कारण ते तूप नसतं, ग्लिसरिन असतं. शेंडीत सोडियमचा खडा लपवलेला नारळ पाणी शिंपडताच भडकतो. बाक असलेला त्रिशूळ जिभेतून ‘आरपार’ जातो. जळता कापूर जिभेवर ठेवायचा तर जीभ ओली हवी आणि श्वास आत घ्यायचा नाही, चटका जाणवायच्या आत तोंड मिटायचं. सर एकेक करून दाखवत, फोडून सांगत आणि मग म्हणत, “आता तुम्ही.”

हे प्रयोग आपले नव्हेत हे ते आवर्जून सांगत होते. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवलेले अब्राहम कोवूर, ज्यांनी फसवणुकीला जागा न ठेवता चमत्कार करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये देऊ केले होते. त्यांच्यानंतर अशीच पेटी घेऊन देशभर हिंडलेले बी. प्रेमानंद; मग १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिसचे) कार्यकर्ते. “हे लिंबू असं हातोहात आलंय,” सर म्हणाले. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं, पुसट झालेलं. मी वाकून वाचलं. वाण्याच्या सामानाची यादी होती.

मी खिळ्यांच्या फळीवरही झोपले. त्रेचाळिसाव्या वर्षी, साडी नेसून, चाळीस माणसांसमोर. वजन शेकडो खिळ्यांत वाटलं जातं, कुठल्याच एका खिळ्याच्या वाट्याला टोचण्याइतकं येत नाही. हे सातवी-आठवीच्या पुस्तकातलं आहे, मला पाठ होतं, तरी पाठ टेकवताना पोटात गोळा आला. झोपणं सोपं, उठणं अवघड. उठताना सगळा भार एका कोपरावर आला की तेवढेच खिळे आपल्यावर सूड उगवतात. दोघींनी मला सरळ उचललं. रात्री शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपायच्या वेळी मैत्रिणीनं माझी पाठ पाहिली आणि म्हणाली, “अगं, ठिपक्यांची रांगोळी उठलीय.” माहीत असणं आणि पाठ टेकवणं यांच्यात किती अंतर असतं, ते त्या फळीवर कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसरलेही.

२१ सप्टेंबर १९९५. आमच्या पिढीला ती तारीख वेगळी सांगावी लागत नाही. मी आठवीत होते. सकाळी शेजारच्या काकू धावत आल्या, “गणपती दूध पितोय,” आणि आईनं चहासाठी काढलेलं दूध फुलपात्रात ओतून मला बरोबर घेतलं. शाळेला दांडी म्हणून मी खूश. पेठेतल्या देवळासमोरची रांग बोळाच्या तोंडापर्यंत गेलेली, प्रत्येकाच्या हातात वाटी-चमचा, पोलीस सुद्धा चप्पल काढून रांगेत. आमचा नंबर यायला दीड तास लागला. मी चमचा सोंडेला लावला, आणि खरंच, दूध गेलं. हाताला ती ओढ जाणवली. तो क्षण मी आजही नाकारू शकत नाही. चमच्यातलं दूध कडेनं उंचावलं आणि कुणीतरी पलीकडून ओठ लावावेत तसं सरसर संपलं. अंगावर काटा आला. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मागच्यांनी ढकललं, मी खाली वाकले, आणि मला दिसलं की मूर्तीच्या पोटावरून, मांडीवरून, पांढऱ्या संगमरवरावर पांढरी असल्यामुळे न दिसणारी एक पातळ साय ओघळतेय, पायाशी तिचं पाणी होतंय, आणि ते मोरीच्या भोकातून मागच्या गटारात चाललंय. देवळामागे ओशट, आंबूस वास सुटला होता. मुंग्यांनी रांग धरली होती, आमच्यापेक्षा शिस्तीत.

दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तोच ओघळ सगळ्यांना दाखवला आणि पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण, हा शब्द वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. मला तो ओघळ आधीच माहीत होता. मी मात्र घरी येताना आईला काहीच सांगितलं नाही. ती रस्ताभर हसत होती, वडील गेल्यानंतर पहिल्यांदा. मी कुठल्या तोंडानं मोरीचं भोक काढणार? तीस वर्षं झाली. आई आता नाही. अजूनही ठरवता येत नाही की तेव्हा मी शहाणपणा केला की भित्रेपणा.

शनिवारी संध्याकाळी संख्याशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ आले. त्यांनी नारळीकरांच्या फलज्योतिष चाचणीबद्दल सांगितलं. नारळीकर, प्रा. कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली पुण्यात केलेली. दोनशे पत्रिका, त्यातल्या शंभर अतिशय हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. पत्रिकांवर नावं नाहीत, फक्त क्रमांक. ज्योतिषांनी एवढंच सांगायचं की ही पत्रिका कुठल्या गटातली. ५१ जणांनी तयारी दाखवली, प्रत्येकाला ४० पत्रिका गेल्या, उत्तरं पाठवली २७ जणांनी. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के. “नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं,” ते म्हणाले आणि हॉल खदखदून हसला. मीही हसले. माझ्या पर्समधल्या मोबाइलमध्ये तेव्हा भाचीची पत्रिका होती, महिन्यापूर्वी वहिनीनं ‘जरा तुमच्या ओळखीत दाखवून घ्या’ म्हणून पाठवलेली, आणि मी ती गुपचूप पुढे पाठवलीही होती. कशाला उगाच लग्नाच्या घरात वाद. गृहस्थ पुढे सरासरी, विचलन वगैरे सांगत होते आणि माझं मन त्या दुसऱ्या शंभर पत्रिकांपाशी अडकलं. त्या मुलांच्या आईबापांनी तोच कागद घेऊन आधी किती दारं झिजवली असतील, त्याचा आकडा कुणाकडे असणार? तो त्या चाचणीचा विषयही नव्हता. पण रात्री ठिपक्यांच्या पाठीवर कुशी बदलताना तेच डोक्यात येत होतं.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर बाईंचं सत्र मात्र मला सगळ्यात आवडलं. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. त्या सतरंजीवर आमच्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या गल्लीत कुणाच्या अंगात यायचं, ते सांगा.” आणि जी गावं सुटली! प्रत्येकाकडे एक मावशी, एक चुलती, एक शेजारीण होती. आमच्या वाड्यातही होत्या. नवरात्रात अष्टमीला त्यांच्या अंगात यायचं, घागरी फुंकताना केस सुटायचे, डोळे फिरायचे, आणि एरवी ज्यांच्यासमोर त्या मान वर करत नसत ते त्यांचे सासरे साष्टांग नमस्कार घालायचे. देवी दरवर्षी काहीतरी मागायची. एकदा देवीनं सासूकडे हिरवं लुगडं मागितलं. एकदा माहेरी चार दिवस धाडायला सांगितलं. आम्ही पोरं खांबाआडून बघत फिदीफिदी हसायचो. डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अंगात आलं की बाईला अहो-जाहो होतं. अंगातलं काढायला निघालात तर त्या अहो-जाहोचं काय करणार, ते आधी ठरवून जा.” मग त्यांनी मानसमित्रांच्या कामाबद्दल सांगितलं, गावात राहून लोकांचं ऐकून घेणारे, गरज पडली तर उपचारापर्यंत नेणारे कार्यकर्ते. ऐकून घेणं हेच त्यातलं पहिलं काम. मी वहीत ‘ऐकून घेणे’ खाली दोन रेघा मारल्या. वही पुरावा म्हणून आहे.

रविवारी सकाळी जादूटोणाविरोधी कायद्याचं सत्र. त्याआधी एका जुन्या कार्यकर्त्यानं दाभोलकरांच्या आठवणी सांगितल्या. या लोकांत त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात, नुसतं डॉक्टर, जणू दुसरे कुणी नाहीतच. साताऱ्याचा कबड्डीपटू, नियोजन असं की एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ, बोलताना आवाज कधी चढायचा नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्याच्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्या सकाळी मी पुण्यातच होते, बँकेच्या प्रशिक्षणाला, आणि बातमी कळल्यावर आमच्या वर्गातले एकजण म्हणाले, “कशाला पडायचं लोकांच्या श्रद्धेत.” मी गप्प बसले. माझं गप्प बसणं, मघापासून बघतेय, बरंच जुनं आहे. ज्या कायद्यासाठी त्यांनी कित्येक वर्षं घालवली त्याचा अध्यादेश त्यांच्या मृत्यूनंतर चार-सहा दिवसांत निघाला, डिसेंबरात कायदा झाला. खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. दरवर्षी २० ऑगस्टला त्या पुलावर सकाळी कार्यकर्ते जमतात. तो जुना कार्यकर्ता पुलाबद्दल बोलताना सारखा चष्मा पुसत होता, काचा स्वच्छ असतानाही.

वकील बाईंनी कायद्याची अनुसूची, म्हणजे कुठली कृत्यं गुन्हा ठरतात त्याची यादी, वाचून दाखवली. भूत उतरवायच्या निमित्तानं मारहाण, चमत्काराच्या नावावर फसवणूक, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार, गुन्हा अजामीनपात्र. आणि त्यात एक कलम असं की अमकी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं भासवून तिच्याविषयी अविश्वास पसरवणं, तिचं जगणं अवघड करणं, हासुद्धा गुन्हा. ते मी लिहून घेतलं, शेजारी बाण काढून ‘महत्त्वाचे’ असंही लिहिलं. मग चहा झाला, पोहे झाले, जेवण झालं, मी कपाळाला कुंकू लावून लिंबू कापलं, आणि सुरी धुवायला नळावर गेले.

“एवढंच हुतं व्हय?” एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. पुढचं सांगायचं मी इतका वेळ टाळत होते.

मी हसले आणि म्हटलं, “हो मावशी, एवढंच. पण त्या सुरीनं काही चिरू नका हं, रसायन लागलंय.” “न्हाई चिरत,” ती म्हणाली. माझा समज असा की हिला कुणीतरी लुबाडलं असणार, दोन-चार हजार गेले असतील, म्हणून मी चेहऱ्यावर तसा सहानुभूतीचा भाव आणला. ती सुरीकडेच बघत बोलली. “आमच्या दिराचं पोरगं आजारी हुतं. ताप उतरंना. देवरुश्यानं लिंबू कापलं, तांबडं निगालं. म्हनला, घरातल्याच बाईनं केलंय.” मग जरा थांबली. “घरात बाया दोनच.”

मला कळायला दोन क्षण लागले. ती फसलेली नव्हती. तिच्याविरुद्ध लिंबानं साक्ष दिली होती.

“पोरगं?” मी विचारलं. “हाय की. बारावीला हाय औंदा. माझ्याशी बोलतंय चोरून. जाऊ बोलत न्हाई. अकरा वर्सं झाली, एकाच अंगनात ऱ्हातोय.” माझ्या डोक्यात सकाळचं कलम फिरलं आणि मी, हसू नका, कायदा कधीचा, प्रकरण कधीचं, लागू होईल का, असा बँकेतल्यासारखा हिशेब करायला लागले. तेवढ्यात तिनं माझ्या काखेतल्या डबीकडे बोट केलं. “ह्यातलं जरा मला द्या की. चिमूटभर. तिला दावते.” आणि मी म्हटलं, “नाही मावशी, तसं देता येत नाही. शिकल्याशिवाय ते वापरायचं नसतं.” म्हणाले ते खोटं नव्हतं. सरांनी बजावलं होतं, रसायनं कुणाच्या हाती द्यायची नाहीत, पोराबाळांचं घर असतं. “बरं,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या मग.” मूठ माझ्याकडे करून तिनं सुरी परत दिली आणि पातेल्याशी जाऊन बसली. माइकवरून माझं नाव पुकारलं जात होतं, प्रशस्तिपत्रासाठी.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर, पुढे सरकायलाच तयार नाहीत. मांडीवर गुंडाळी केलेलं प्रशस्तिपत्र. सरांनी पहिल्याच दिवशी म्हटलेलं आठवत होतं, “बुवाची कमाई रसायनात नसते. ‘ते तुला कळायचं नाही’ या वाक्यात असते.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. चोवीस तास उलटायच्या आत ते वाक्य माझ्या तोंडून जरा सभ्य मराठीत बाहेर पडलं होतं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू तसंच असताना. ओल्या रुमालानं पुसलं तर पसरून कपाळभर झालं. शेजारच्या सीटवरची मुलगी बघायला लागली.

सोमवारी काही सुचलं नाही. मंगळवारी सकाळी बाल्कनीत चहा घेताना खाली सोसायटीतल्या आजी देवासाठी फुलं तोडत होत्या. काठीनं फांदी वाकवून जास्वंद. मी कप तसाच ठेवून वही शोधली. शनिवारच्या पानावर, विभूती आणि नारळ यांच्यामध्ये, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मि. ऑ. नसल्यास जास्वंद. सुरीवर चोळून वाळवणे.’ खाली रेघसुद्धा मारलेली नव्हती. चिमूटभर रसायन मागणाऱ्या बाईला सांगण्यासारखी गोष्ट माझ्याच वहीत होती, आणि मी तिला नियम सांगितला.

आजींकडून चार फुलं मागून आणली. ओट्यावर पाकळ्या पात्यावर चोळल्या, त्यांचा बुळबुळीत जांभळट चीक लागला, तो पंख्याखाली वाळवला. पहिलं लिंबू कापलं तर रस जेमतेम गुलाबी, लहान मुलांच्या सरबतासारखा. ह्याला कोण घाबरणार. दुसऱ्यांदा चीक तीन वेळा चोळला, प्रत्येक वेळी वाळू दिला. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “आई, ऑफिसला उशीर होतोय तुला.” आता लिंबू कापलं, पात्यावरचा काळसर थर क्षणभर तसाच राहिला आणि मग भसकन लाल झाला, लिंबाच्या पांढऱ्या कडांवरून ओघळला. मिथिल ऑरेंजइतका भडक नाही, पण अंधाऱ्या खोलीत, तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी पुरेसा.

सरांना फोन केला. ते आधी रागावले, मग गप्प झाले, मग बचत गटाच्या अध्यक्ष बाईंचा नंबर दिला. त्यांनी संध्याकाळी जोडून दिलं. मागे भाकरी थापल्याचा आवाज होता. मी कोण ते सांगावं लागलं नाही, “लिंबूवाल्या ताई व्हय,” ती म्हणाली. मी घाईघाईनं माफी मागायला लागले, ती तिनं ऐकलीच नाही बहुतेक. “जास्वंद तांबडी का पांडरी?” “तांबडी.” “हाय की, दारातच हाय.” मी चोळायचं कसं, वाळवायचं किती वेळ, सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. मग म्हटलं, “मावशी, पण जाऊबाई बघायला येतील का?”

पलीकडे थापणं थांबलं.

“पोरगं आनंल तिला,” ती म्हणाली. “पन तुमच्यावानी न्हाई करायची म्या. आदी साद्या सुरीनं कापाय लावते. मग तिच्याच म्होरं फूल चोळून, वाळवून, दुसरं. कापायचं तिनंच. आन् दोन्ही लिंबं तिच्याच झाडाची. म्हंजे म्हनाय नगो, लिंबातच काय हुतं.”